गस्तीची काठी

२ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, "काकू, डोक्यात जे उकळतं ते रोज कागदावर उतरवत जा. नाहीतर एक दिवस शीर फुटेल." म्हटलं, गोळ्या दे, गृहपाठ कसला देतेस? तिने दोन्ही दिलं. माझी शाळा चौथीत संपली. अक्षर असं, की कोंबडी शाईत पाय बुडवून चालली. पण हे वाचणार कोण? मीच. तेव्हा चालेल.

आज उकळायचं कारण म्हणजे सुताराचं डोकं फोडलं. डोंगराच्या वरच्या धारेवर, भरदुपारी.

आज काठी त्याच्या दारात होती. आमच्या वन समितीची ती एकच काठी. सुतारानेच केलेली, खाली लोखंडी कडं बसवलेली. संध्याकाळी गस्त संपली की ती पुढच्या घराच्या दाराला टेकवून ठेवायची. सकाळी ज्याच्या दारात काठी, त्या घरातला एक माणूस आणि समोरच्या घरातला एक, असे दोघे जंगलात. सोबत वनखात्याचा गार्ड, तो जागा असेल तर. आज समोरच्या घरातल्याला ताप. गार्ड खालच्या अंगाला. सुतार एकटाच वर गेला आणि जुन्या झाडांच्या पट्ट्यात त्याला माणसं दिसली, यंत्राची करवत घेऊन. ओरडला. पण खाली गिरणी चालू, ऐकणार कोण? एकाने मागून येऊन कुऱ्हाडीचा दांडा घातला.

दगडांवरून घसरत, रांगत खाली आला. दाढी लाल झाली होती. आणि मला, समितीच्या अध्यक्षिणीला म्हणतो, "हेडमास्तरीण, काठी नाही सोडली बघ." मी आधी त्याला शिव्या घातल्या, मग डोकं बांधलं. टाके पडले. डावा कान गेला म्हणे.

माझा धाकटा भाऊ बारक्या गिरणीतून पांढराफटक होऊन धावत आला. पिठाने पांढरा, आणि आतूनही. सुताराचं डोकं बघून पायरीवर बसला आणि ओकला. त्याला रक्त लहानपणापासून बघवत नाही. चाळिशीचा बाप्या. मी म्हटलं, "ऊठ, पाणी आण. बाळंतिणीसारखा काय बसलास?" आणलं बिचाऱ्याने.

४ फेब्रुवारी

वनखात्याचे साहेब आले होते. जीपमधून उतरले, सुताराचं डोकं पाहिलं, चहा नको म्हणाले. चहा नको म्हणणारा साहेब म्हणजे काहीतरी वाईट सांगणार.

समितीच्या खोलीत सगळे जमले. साहेब म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण या उन्हाळ्यात चोऱ्या थांबल्या नाहीत, चोर सापडले नाहीत, तर करार पुढे चालणार नाही. डोंगर परत ठेक्यावर द्यायचा कागद वर तयार आहे. थांबल्या तर पंचवीस वर्षांचा करार, मी स्वतः सही करून घेतो."

ठेका म्हणजे काय ते आम्हाला कोणी शिकवायला नको. मागच्या ठेकेदाराने डोंगर बोडका केला आणि पुढच्याच पावसात तो डोंगर खाली आला. खालची गल्ली अख्खी चिखलात गेली. माझा नवरा त्या गल्लीत दूध आणायला गेला होता. चरवी सापडली. तो नाही.

त्यानंतर खातं आणि गाव यांचं हे जमलं. जंगल सरकारचं, राखायचं दोघांनी. गवत, सरपण, वाळलेलं लाकूड आमचं. उभं झाड पाडायचं तर बुंध्यावर खात्याच्या हातोड्याचा शिक्का हवा आणि शेजारी आमच्या काठीच्या कड्याचा ठसा हवा. एकटा साहेब झाड पाडू शकत नाही, एकटी मीही नाही. आता कुठे डोंगराला केस आलेत. ओढ्याला मार्चपर्यंत पाणी राहतं. आणि हे हरामखोर करवत घेऊन येतात.

मी उभी राहून म्हटलं, "साहेब, चोर सापडला की तुमच्याकडे देईन. पण आधी माझ्याकडे." लोक हसले. माझ्या माघारी मला सुरुंग म्हणतात, ठाऊक आहे मला.

बारक्या उठला. म्हणाला, "ताई, मला एक सांगायचं होतं." मी म्हटलं, "तू बस खाली. तुझं काम दळायचं. चहाचं बघ, साहेब पितील आता." परत सगळे हसले. तो चहा करायला गेला. चहात साखर टाकायला विसरला, तेही चारचौघांत सांगावं लागलं. आई गेली तेव्हा हा माझ्या कमरेएवढा होता. मी नाही शिकवणार तर कोण शिकवेल?

९ फेब्रुवारी

परत तोड. दुपारचीच. काठी शेवटच्या घरातल्या म्हातारीकडे होती, तिची सून गेली होती आणि समोरचा पोस्टमन. दोघांना काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी मी गार्डला घेऊन वर गेले. बुंधा ओला होता. एवढा रुंद, की मी त्यावर आडवी झोपले असते. शिक्का नाही, ठसा नाही. भुसा अजून गरम वाटला, की माझाच हात गरम होता कोण जाणे.

गार्ड बुंध्यावर बसला आणि विडी काढली. मी ती त्याच्या तोंडातून ओढून चुरगाळली. जंगलात विडी पेटवतो, मेला. तो रागावत नाही, हाच त्याचा दोष. म्हणाला, "अध्यक्षीणबाई, एक बोलू? दोन्ही वेळा गिरणी चालू होती. गिरणीच्या इंजिनाच्या आवाजात करवत ऐकू येत नाही. चोर ते बघून करवत लावतात."

म्हटलं, बरं. आयुष्यात एकदा तरी डोकं चालवलंस. खाली येऊन बारक्याला सांगितलं, उद्यापासून दळण सकाळी, दुपारी गिरणी बंद. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." भावजय चुलीपाशी होती, तिच्या हातातून पातेलं पडलं. तिला हल्ली काहीच धरता येत नाही. डॉक्टरणीला दाखव म्हटलं तर माझ्याकडे नुसती बघत राहिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळची चोरी! सकाळी, उजेडी, लोक दात घासत असताना!

म्हणजे गार्डचं डोकं ते डोकंच. गिरणी दुपारी होती तेव्हा चोरी दुपारी. गिरणी सकाळी केली तर चोरी सकाळी. तेव्हा गिरणीचा काही संबंध नाही, हे उघड झालं. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. तो काहीतरी बोलणार होता, मग माझ्याकडे बघून गप्प बसला. बसेल नाहीतर काय करेल.

बारक्याचं मात्र कौतुक. पहाटे उठून गिरणी लावतो. दळायला कोणी नसलं तरी लावतो, इंजिन गरम राहावं लागतं म्हणे. मी म्हटलं, "रिकामी जाती फिरवून दगड झिजवतोस, वेड्या." तर हसला. पूर्वी तासभर हाक मारावी लागायची उठायला. माणूस सुधारतो, वेळ लागतो एवढंच.

तोच म्हणाला, "ताई, ओढ्यापलीकडच्या कोळसेवाल्याच्या भट्टीवर जाऊन बघ एकदा." कसं सुचलं नाही मला! ओढ्यापलीकडची वस्ती करारात नाही. ते लोक कुठून आले, कोणाचे, कोणाला माहीत. धूर मात्र रोज आमच्या अंगावर.

उद्या बघते.

१६ फेब्रुवारी

गेले, काठी घेऊन. सुतार डोक्याला पट्टी बांधून, पोस्टमन, आणखी दोघे. भट्टीशेजारी फांद्यांचा ढीग होता. अजून ओल्या, ताज्या तोडीच्या. त्याच झाडाच्या, पांढऱ्या सालीच्या, डोळे मिटून ओळखते मी. कोळसेवाला भट्टीवर माती लिंपत होता. मी विचारलं, "ह्या कुठून आणल्यास?" म्हणाला, "पडलेल्या होत्या बाई. बुंधा कोणी नेला, फांद्या राहिल्या. पडलेलं घेऊ नको असं कोणी सांगितलं नाही."

कोणी सांगितलं नाही! सुताराची लाल दाढी डोळ्यांपुढे आली. चरवीही आली. मी काठी फिरवली. पहिली पाठीवर बसली, दुसरी पायावर. तो पडला. तिसरी चुकवायला त्याने उजवा हात वर केला आणि कडं मनगटावर बसलं. वाळकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. त्याची बायको भट्टीवरून उडी मारून आली आणि माझ्या दंडाला चावली. सुताराने तिला ओढली. पोस्टमनने झोपडीतली भांडी बाहेर फेकली, लाथेने भट्टी फोडली. आत हवा शिरली आणि सगळा कोळसा भडकला. ती लोकं ओढ्यातून पाणी आणून टाकत होती आणि आम्ही बघत होतो.

कोळसेवाला नाव काही सांगेना. "मला माहीत नाही" एवढंच. हात पोटाशी धरून बसला होता. रडला नाही. मला त्याचाच राग जास्त आला.

दंडावर दात उमटलेत. इंजेक्शन घेतलं. बीपी वाढलंय म्हणे. कशाने वाढलं असेल!

१७ फेब्रुवारी

गार्ड दारात उभा राहून बोलला, आत आला नाही. "अध्यक्षीणबाई, हे आपल्या करारात नाही." म्हटलं, करारात चोरी आहे का? म्हणाला, "त्याचा हात तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन बांधून आणला मी. तो तक्रार करू शकतो. मीही करू शकतो." म्हटलं, कर की. तो गेला. काल रात्री गणवेशाला काळं लागलं होतं ते धुतलंही नव्हतं मेल्याने.

कोळसेवाल्याने तक्रार केली नाही. म्हणजे पाप मनात आहे. निष्पाप माणूस ओरडतो.

२२ फेब्रुवारी

दोन झाडं. एकाच दिवशी.

कोळसेवाला हात गळ्यात बांधून झोपडीत पडून आहे, सगळ्यांनी पाहिलंय. मग त्याचे भाऊबंद असतील. नाहीतर आमच्यातलाच कोणीतरी बातमी देतो. कारण ज्या दिवशी काठी दणकट घरात असते त्या दिवशी कोणी येत नाही. म्हातारी, आजारी, एकटी बाई यांच्या दारात काठी गेली की करवत आलीच. काठी तर रस्त्यावर, दारात उभी. येणाजाणाऱ्याला दिसते. आम्हीच दवंडी पिटतो की आज जंगलात कोण आहे! हे इतकी वर्षं कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही.

दुपारी भावजय आली. एकटी कधी येत नाही. उंबऱ्यात बसली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. म्हणाली, "वन्सं, एक सांगू? गस्तीचं काही ठरवाल ते घरात बोलू नका."

"कोणाच्या घरात?"

"कोणाच्याच." मग म्हणाली, "आणि ह्यांना चारचौघांत बोलत जाऊ नका हो. घरी येतात ते जेवत नाहीत. गिरणीत बसून राहतात. कोणी दोन गोड शब्द बोललं की त्याच्या मागे जातात."

म्हटलं, "माझा भाऊ आहे. तू आलीस त्याच्या आधीपासून मी त्याला बोलते. तुला काय टोचतंय?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काही नाही," म्हणून उठली. हिचं नेहमीचं. अर्धं बोलायचं आणि रडायचं. मला अर्धवट बोलणारी माणसं आवडत नाहीत. सांगायचं तर सांग, नाहीतर गप्प बस.

२५ फेब्रुवारी

ठरलं. काठी उद्या म्हातारीच्या दारात राहील. लोकांनी बघावं म्हणूनच. पण जंगलात जाणार मी, गार्ड आणि सुतार. अंधार असतानाच वर चढायचं आणि पडक्या पाणवठ्याच्या भिंतीमागे बसायचं. तिथून जुन्या झाडांचा पट्टा समोर दिसतो. गार्डशी बोलायचं नव्हतं, पण हातोडा त्याच्याकडे आणि चोर पकडायचा हक्कही त्याच्याकडेच. तो लगेच हो म्हणाला. म्हणाला, "कोणालाही सांगू नका." सांगते की काय!

फक्त बारक्याला सांगितलं, गिरणी बंद ठेवायला सांगायचं होतं म्हणून. उद्या दिवसभर इंजिन लावायचं नाही, म्हणजे करवत कुठे वाजते ते कळेल. त्याने विचारलं, "तूही जाणार?" म्हटलं, "मी नाही तर कोण, तू?" तो म्हणाला, "ताई, तू नको जाऊस. बीपी आहे तुला." म्हणजे काळजी आहे. दाखवता येत नाही एवढंच. मग म्हणाला, "बसणार कुठे?" सांगितलं.

२८ फेब्रुवारी

परवाचं आज लिहिते. दोन दिवस वहीला हात लावला नाही.

पाणवठ्यामागे बसलो. थंडी होती. सुतार एका कानाने ऐकत होता, मान अशी वाकडी करून, कोंबड्यासारखी. गार्डने विडी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. आम्ही दोघं हसलो. इतक्या वर्षांत त्याच्याबरोबर पहिल्यांदा.

ऊन धारेवर आलं आणि खाली गिरणी सुरू झाली.

मी म्हटलं, कोणीतरी बाई अडून बसली असेल दळणाला. बारक्याला नाही म्हणता येत नाही. गार्डने माझ्याकडे पाहिलं आणि उभा राहिला. म्हणाला, "इथून निघूया." "का?" म्हणेपर्यंत मागून दगड आला. समोरून नाही, मागून. जिथे आम्ही बसलो तिथेच ते आले, झाडांकडे बघितलंही नाही.

चार होते. तोंडाला फडकी. दगड सुताराच्या पाठीत बसला. एक माझ्यावर कुऱ्हाड घेऊन आला. मी काठी आणली नव्हती, ती म्हातारीच्या दारात! हातात वाळकी फांदी होती, ती पहिल्याच घावात तुटली. मग गार्ड मध्ये आला. हा झोपाळू, विड्याफुंक्या माणूस मध्ये आला आणि कुऱ्हाड त्याच्या खांद्यात गेली. मांसाचा आवाज वेगळा असतो. लाकडासारखा नसतो. तो खाली बसला, हळू, जसा रोज बुंध्यावर बसतो तसा. त्याच्या पट्ट्याला हातोडा होता, शिक्क्याचा. मी तो ओढला आणि कुऱ्हाडवाल्याच्या तोंडावर घातला. दात, रक्त, सगळं माझ्या अंगावर आलं. तो पडला. बाकीच्यांनी त्याला पायांना धरून ओढत नेला, डोकं दगडांवर आपटत. सुतार दगड मारत त्यांच्या मागे धावत होता आणि मला आठवेल तेवढ्या सगळ्या शिव्या त्याने दिल्या. मला न आठवणाऱ्याही.

गार्डच्या खांद्यात लुगड्याचा पदर फाडून कोंबला. तो म्हणाला, "अध्यक्षीणबाई, ही जागा आपल्या तिघांनाच माहीत होती ना?"

मी पदर आणखी घट्ट दाबला.

सुताराने त्याला पाठीवर घेतलं, म्हाताऱ्याने. मी पुढे खाली आले. गिरणी अजून चालूच होती.

आत गेले. दळणाला एक माणूस नव्हता. वरच्या चाड्यात एक दाणा नव्हता. खाली पिठाचं पोतं बांधलेलंच नव्हतं. दगडावर दगड फिरत होता आणि जळका वास सुटला होता. बारक्या पट्ट्याजवळ स्टुलावर बसला होता, कानांवर हात ठेवून.

मला बघून तो उठला. माझ्या अंगावरचं रक्त बघून म्हणाला, "तुला लागलं? ते तुला हात लावणार नाही म्हणाले होते!"

म्हणाले होते.

इंजिन मी बंद केलं नाही. हातात हातोडा होता. तो टाकला आणि दाराचा अडसर घेतला. पहिला पाठीवर. तो लहान असताना जसा उभा राहायचा तसाच उभा राहिला, हात खाली सोडून, मान खाली. मारत गेले. पिठाचा धुरळा उडत होता. भावजय धावत आली, मला मागून धरलं, मी तिला झटकलं, ती पोत्यांवर पडली. तिथूनच ओरडली, "सांगत होते ना वन्सं! सांगत होते!"

तेव्हा त्याने उजवा हात जात्याच्या लाकडी पेटीवर ठेवला आणि म्हणाला, "कोळसेवाल्याचा मोडलास ना? मोड. मीच पाठवलं होतं तुला तिकडे."

मोडला.

तोच आवाज. मला वाटलं वेगळा येईल.

मग इंजिन बंद केलं. किती शांत झालं. ओढ्याचं पाणी ऐकू आलं. मी विचारलं, "का रे? खायला कमी होतं? मी काय कमी केलं तुला?" तो दुखण्याने वाकडा झाला होता, तरी हसला. म्हणाला, "ते लोक मला शेठ म्हणायचे, ताई. शेठ, बसा. शेठ, तुमचं काय मत? साहेब आले त्या दिवशी सगळं सांगून टाकणार होतो मी. तू म्हणालीस, बस खाली."

शेठ म्हणतात म्हणून कोणी डोंगर विकतं का? ज्या डोंगराखाली त्याचा भावोजी आहे तो? डोकं फिरलंय त्याचं. माराने माणूस काहीही बोलतो.

३ मार्च

मीच नेऊन दिला. हात बांधून, जीपपर्यंत. त्याने चारही जणांची नावं साहेबांना सांगितली. दात पडलेला कुऱ्हाडवाला तालुक्याच्या दवाखान्यातच सापडला. ठेकेदाराचीच माणसं. चोऱ्या वाढल्या की करार मोडतो आणि डोंगर आपसूक त्याच्या हातात येतो, असा डाव होता. ह्यात मला कळण्यासारखं होतं ते कळलं. बारक्याचं अजून कळलं नाही.

गार्ड वाचला. हात वर जात नाही. मी डबा घेऊन गेले. तो म्हणाला, "आता विडी पेटवायला कोणीतरी लागेल." मी पेटवून दिली. दवाखान्याच्या बाहेर नेऊन.

भावजय माझ्याशी बोलत नाही. गिरणीला कुलूप लावलंय तिने.

१२ मार्च

करार झाला. पंचवीस वर्षांचा. साहेबांनी सही केली, आज चहाही घेतला. दोन अटी घातल्या. एक, ओढ्यापलीकडची वस्ती करारात घ्यायची. पडलेल्या फांद्यांवर त्यांचाही हक्क, गस्तीतही त्यांचा वाटा. जोडी आता एक माणूस अलीकडचा आणि एक पलीकडचा. दुसरी, समितीला नवा अध्यक्ष. सगळ्यांनी लगेच सुताराला केलं. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरणीने सांगितलं असणार, बीपीचं. बरं केलं. मलाही दगदग झेपत नव्हती.

आणि काठी आता दारात उभी करायची नाही. घरात आत ठेवायची. हे मी सुचवलं, ते सगळ्यांनी मान्य केलं.

बारक्याच्या घराचं काय, असं पोस्टमनने विचारलं. चोराच्या घरावरून काठी पुढे न्यायची, असं काहींचं म्हणणं. भावजय मागच्या रांगेतून उठली. म्हणाली, "काठी माझ्या दारावरून पुढे नेली तर मी ती हिसकावून आणेन." एवढा आवाज तिला आहे हे मला माहीत नव्हतं. कोणी तिला बस म्हणालं नाही. मी म्हणणार होते, का कोण जाणे, म्हटलं नाही.

२० मार्च

आज पाळी माझी होती. काल संध्याकाळी भावजयीने काठी आणून दिली. हातात दिली नाही, आत येऊन कोपऱ्यात ठेवली आणि गेली.

सकाळी ओढ्यापाशी गेले तर पलीकडून कोळसेवाला आला. उजवा हात अजून गळ्यात. माझी पाळी आणि त्याची पाळी एकत्र आली होती. मी म्हटलं, "चल." तो पुढे चालला, मी मागे. रस्ता त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. वर चढताना तो एका हाताने झुडपं धरत होता. दोनदा घसरला. मी पुढे केलेला हात त्याने बघितला नाही, किंवा बघून घेतला नाही.

गिरणी बंद असल्यामुळे धारेवरून सगळं ऐकू येतं. खाली कोणीतरी भांडी घासत होतं तेसुद्धा. तोडलेल्या बुंध्यांना बाजूने फुटवे आलेत. तो एकेका बुंध्याशी थांबून कोवळ्या फुटव्यांवरचा पाला बाजूला करत होता. मी उभी राहून बघत होते.

शेवटी काठी पुढे केली. म्हटलं, "घे, आता तू धर. पाळी दोघांची आहे."

त्याने काठीकडे पाहिलं, खालच्या लोखंडी कड्याकडे पाहिलं. म्हणाला, "राहू दे तुमच्याकडेच, बाई. मला डाव्या हाताने धरता येत नाही."

परत पुढे चालू लागला. मी मागे. उतरताना काठी फार जड लागली. इतकी वर्षं हातात आहे, कधी जड लागली नव्हती. उद्या सुताराला सांगून थोडी तासून घेते.